विषय : 7.2 किलोवॅटचा चार्जर परत घेणे, अडॅप्टर व स्टेपनी देणे याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. मार्चमध्ये तुमच्या अमरावतीच्या शोरूममधून इलेक्ट्रिक गाडीचे टॉप मॉडेल घेतले. खरे तर मधले मला पुरत होते. दोन लाख जास्त मोजले ते एकाच गोष्टीसाठी. गाडीच्या बॅटरीवर घरची उपकरणे चालवायची सोय फक्त टॉपमध्ये होती. आमच्याकडे लाइन गेली की कधी येईल याचा नेम नाही. दोन पंखे, लाइट आणि फवारणी पंपाचे चार्जिंग निघाले तरी पैसे वसूल, असा माझा हिशेब.

त्यासाठी लागणारा अडॅप्टरच आलेला नाही. "आठ दिवसांत पाठवतो काका," असे तुमचा सेल्समन म्हणाला, त्याला आता दोन महिने झाले.

आता चार्जरचे. पन्नास हजार जास्त घेऊन 7.2 किलोवॅटचा चार्जर गळ्यात मारला. घरचा मंजूर भार किती, हे कोणी विचारले नाही. तो वीज बिलावर छापलेला असतो, माझा 2 किलोवॅट होता. पहिल्याच रात्री तीनदा खटका पडला आणि शेजारच्या घरचे दिवे मिणमिणले. सकाळी लाइनमन हसला. म्हणाला, एवढा चार्जर 30 अँपिअरच्या वर ओढतो, या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, तो झेपणार नाही. शेवटी अर्ज करून भार 5 किलोवॅट करून घेतला आणि साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर 3.3 किलोवॅटने चार्ज करतो. माझे रोजचे चालणे साठ किलोमीटर, म्हणजे नऊ-दहा युनिट. तीन तासांत भरपाई होते. म्हणजे मोठा चार्जर चालला असता तरी मला तो कशाला हवा होता?

काचेच्या छताचे काय सांगू! मे महिन्यात 45 अंशांत पडदा ओढला तरी डोके तापते. घरच्यांनी टपावर जुनी सतरंजी टाकून ठेवली आहे. एसी जोरात ठेवावा लागतो आणि रेंज घटते ती वेगळीच.

लेन सांभाळणाऱ्या यंत्रणेला आमच्या रस्त्यावर पट्टेच सापडत नाहीत. समोर कापसाची बंडी आली की गाडी स्वतःच करकचून ब्रेक मारते. मागचा मोटरसायकलवाला एकदा थोडक्यात वाचला. ते मी बंद करून टाकले आहे, त्याबद्दल काही मागत नाही.

स्टेपनीचे मात्र मागतो. तिच्या जागी पंक्चरचे रसायन आणि हवेचा छोटा पंप दिला आहे. वावराच्या धुऱ्यावर पऱ्हाटीच्या खुंटाने टायरची कड फाटली. तिथे ते रसायन काय करणार? भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा गाडी निघाली. एवढ्या महाग गाडीत एक चाक जास्तीचे का नसावे?

तरी अडॅप्टर ताबडतोब पाठवावा, 7.2 चा चार्जर काढून नेऊन त्याचे पन्नास हजार परत करावेत आणि स्टेपनी द्यावी. तिचे वाजवी पैसे मी भरीन. छताचे तुम्ही काही करू शकणार नाही, ते मला कळते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बिलाची आणि फाटलेल्या टायरच्या फोटोची प्रत सोबत जोडली आहे.

फोन करणार असाल तर रात्री आठनंतर करावा. दिवसा मी वावरात असतो, तिथे नेटवर्क नसते आणि तुमचे अ‍ॅपही चालत नाही.

आपला ग्राहक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ