1 मे : ताम्हण पाहायला वाशिष्ठीकाठी

सर्व सभासदांना नमस्कार.

ताम्हण फुलला आहे! महाराष्ट्र दिनी आपण सगळे मिळून तो पाहायला जाऊ.

कधी : 1 मे, सकाळी 6.30. 8 वाजता झेंडावंदन आहे, म्हणून उशीर नको.
कुठे : चिपळूण, वाशिष्ठीकाठचा आपला नेहमीचा घाट.
कोण : सभासद आणि घरची मुले. आजी-आजोबांना तर आग्रहाने आणा.

ताम्हण हे आपले राज्यफूल. तरी कित्येक मुलांनी ते पुस्तकातल्या चित्रातच पाहिले आहे, याचे वाईट वाटते. चुण्या पडलेल्या सहा जांभळ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळे केसर मुलांनी हातभर अंतरावरून बघावेत. रंग सकाळी खुलून दिसतो. फूल जुने झाले की फिकटते. या झाडाचे लाकूड पाण्यात टिकते, म्हणून होड्यांसाठी वापरत. आपल्यापैकी अनेकांनी त्याच्या वाळक्या बोंडांवर भातुकली मांडली आहे, पाकळ्या वहीत जपल्या आहेत. त्या आठवणी झाडाखाली बसून मुलांना सांगा. लिहून आणल्यात तर फारच छान.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. फुले तोडू नका. तुरा फांदीच्या टोकाला येतो, टोक मोडले की पुढची बोंडेही गेली. खाली पडलेली फुले खुशाल वेचा. आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या नकोत.

गेल्या वर्षीची बोंडे झाडावर असली तर बी गोळा करू. रोपे करायची असतील त्यांनी कागदी पाकीट आणावे.

येणाऱ्यांनी 29 एप्रिलपर्यंत नावे कळवावीत.