संगीतकाराचं नाव तो हयात असताना घ्या

मा. संस्कृती, माध्यम व क्रीडा मंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

सादर नमस्कार.

मी ब्रिटनमध्ये राहणारी मराठी श्रोती. आकाशवाणी ऐकत वाढले. तिथे भावगीत लावण्याआधी निवेदक गायिका आणि कवीबरोबर ‘संगीत श्रीनिवास खळे’ असंही सांगत. त्यामुळे सूर-तालातलं काही न कळणाऱ्यालाही चाल कुणाची हे ठाऊक असे. ब्रिटनमधल्या आजच्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकारांच्या वाट्याला एवढंही येत नाही, म्हणून हे पत्र.

६ मे २०२३ च्या राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकासाठी बारा नव्या रचना मुद्दाम करवून घेतल्या गेल्या. त्यात पॉल मीलर यांची वेल्श भाषेतली प्रार्थना होती, ज्युडिथ वीअर आणि शर्ली थॉम्पसन यांचं काम होतं. सोहळा जगाने पाहिला. पण त्या बारांतली दोन नावं तरी सांगू शकेल असा माणूस मला संगीतक्षेत्राबाहेर क्वचितच भेटतो. एरोलिन वॉलन २०२४ पासून राजदरबाराच्या संगीतप्रमुख आहेत. बेलीझमध्ये जन्मलेली, टॉटनहॅममध्ये वाढलेली ही बाई. १९९८ मध्ये प्रॉम्समध्ये, म्हणजे बीबीसीच्या लंडनमधल्या उन्हाळी संगीतमहोत्सवात, त्यांची रचना वाजली, तेव्हा तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. राजकवीचं नाव शाळेतल्या मुलांना माहीत असतं. वॉलन यांचंही असायला हवं.

उशिराच्या कौतुकाची किंमत काय असते, ते ब्रिटिश संगीतकार रूथ गिप्स यांच्याकडे पाहून कळतं. १९४५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एकाच मैफलीत त्यांनी रशियन संगीतकार ग्लाझुनोव्हच्या कॉन्चेर्टोत (एकल वाद्य आणि वाद्यवृंदाच्या रचनेत) एकल पियानो वाजवला, आणि स्वतःची पहिली सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) सादर होताना त्या वाद्यवृंदात बसून कॉर आंग्ले हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवत होत्या. वय जेमतेम चोवीस! त्यांची दुसरी सिंफनीही १९४५ चीच. प्रॉम्समध्ये ती वाजली २०२१ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी. त्या १९९९ मध्येच गेल्या होत्या. टाळ्यांनी भरलेलं ते दालन त्यांना बघायला मिळालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बीबीसीच्या कारभारात सरकारने ढवळाढवळ करू नये, हे मलाही मान्य आहे. पण तिची सध्याची सनद, म्हणजे तिचं काम आणि जबाबदाऱ्या ठरवणारा राजाज्ञापत्राचा दस्तऐवज, २०२७ च्या अखेरीस संपते आणि नव्या सनदेची बोलणी आपल्याच खात्याला करायची आहेत. प्रॉम्स बीबीसीचे, पाच वाद्यवृंद बीबीसीचे. बीबीसी सिंगर्स हा गायकवृंदही तिचाच. १९२४ पासूनचा हा वृंद शताब्दीच्या तोंडावर, २०२३ मध्ये, बंद करायचं ठरलं होतं. दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या तेव्हा तो निर्णय मागे पडला. हे वृंद टिकवण्याची आणि हयात ब्रिटिश संगीतकारांच्या रचना वाजवण्याची जबाबदारी नव्या सनदेत स्पष्ट शब्दांत लिहून घ्या.

दुसरं मागणं पैशाचं. नवी रचना पहिल्यांदा वाजवायला पैसे मिळतात, वर्तमानपत्रात दोन ओळीही येतात. दुसऱ्यांदा वाजवायला कुणी पुढे येत नाही, आणि वर्षभर खपून लिहिलेलं काम एका संध्याकाळी संपतं. बंदिश दहा गळ्यांतून फिरल्यावरच रुजते, हे आम्हा हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांना पक्कं माहीत आहे. तेव्हा दुसऱ्या, तिसऱ्या प्रयोगासाठी वेगळं अनुदान ठेवा, आणि ते लंडनबाहेरच्या वाद्यवृंदांना आधी द्या.

आणि सरकारी समारंभात नवी रचना वाजेल तेव्हा ती कुणाची, हे निवेदकाने मोठ्याने सांगावं. याला एक पौंडही लागत नाही. येत्या समारंभापासूनच सुरू करता येईल.

आपली,
एक मराठी श्रोती