पिकअपचे ऑक्टेन ओझे पाहून ठरवावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोलवर चालणाऱ्या पिकअप ट्रकमध्ये कोणत्या ऑक्टेनचे इंधन भरावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा गाडीचे नाव विचारून दिले जाते. हौद्यात किती माल आहे आणि मागे काय जोडले आहे, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते घोटाळा तेथेच होतो, म्हणून हा पत्रप्रपंच. (डिझेल पिकअपला हा प्रश्नच लागू नाही, तेथे सीटेनचा, म्हणजे डिझेल किती सहज पेटते याचा, आकडा पाहतात.)

ऑक्टेनचा आकडा इंधनातील ताकद सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढली असता आपोआप पेटून उठण्याला ते इंधन किती विरोध करते, एवढेच तो सांगतो. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि एन-हेप्टेन या द्रवाला ० धरून ही मोजपट्टी आखलेली आहे. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा बराच वरचा असतो, तरीही त्यातून लिटरमागे मिळणारी ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे ज्या इंजिनाला साधे इंधन पुरते, त्याला महागडे इंधन पाजल्याने गाडी उडू लागेल, ही समजूत सोडून द्यावी.

पिकअपच्या बाबतीत मात्र एवढ्यावर थांबता येत नाही, कारण या गाडीचे काम रोज बदलते. रिकामा पिकअप सपाट रस्त्यावर धावतो, तेव्हा सिलिंडरमधील दाब आटोक्यात असतो. तोच पिकअप भर उन्हात, पूर्ण ओझ्यानिशी, मागे ट्रेलर ओढत लांबलचक चढण वरच्या गिअरमध्ये चढू लागला, की दाब आणि तापमान दोन्ही वाढतात आणि ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण भडकते. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो, हेच नॉकिंग. टर्बोचार्जर हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे तशा इंजिनावर ही वेळ लवकर येते. खालचा गिअर टाकला तर थोडा दिलासा मिळतो, पण पुरेसा मिळेलच असे नाही.

आजच्या बहुतेक इंजिनांत नॉक सेन्सर असतो आणि त्याला चाहूल लागताच ठिणगी किंचित उशिरा पाडली जाते. यावरून ‘आता काहीही भरले तरी चालते’ असा निष्कर्ष काढला जातो. चालते खरे; पण ठिणगी उशिरा पडली की जोर घटतो, इंधन जास्त जाते, आणि हे सारे नेमके चढणीवर, जेव्हा जोर हवा असतो तेव्हा घडते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील शब्द नीट वाचावेत. अमुक ऑक्टेन ‘आवश्यक’ असे लिहिले असेल, तर त्याखालचे इंधन भरू नये. ‘शिफारस’ असा शब्द असेल, तर खालच्या ऑक्टेनवरही गाडी चालेल, फक्त पूर्ण जोर मिळणार नाही. फोर्डच्या एफ-१५० या पिकअपमधील इकोबूस्ट नावाच्या टर्बोचार्जरवाल्या इंजिनांना साधे इंधन चालते, मात्र जड ट्रेलर ओढण्यासारख्या कामासाठी प्रीमियम, म्हणजे वरच्या ऑक्टेनचे इंधन, सुचवलेले असते. मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो: एरवी साधे, आणि ओझे घेऊन निघण्यापूर्वी टाकी रिकामी होत आलेली असताना वरचे.

आणखी एक फसगत आकड्यांची आहे. अमेरिकेतील पंपांवर रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींनी काढलेल्या आकड्यांची सरासरी लिहितात, तर युरोपासह अनेक ठिकाणी केवळ रिसर्च पद्धतीचा आकडा लिहितात. अमेरिकेतील ८७ हे रिसर्च पद्धतीच्या साधारण ९१ च्या जवळपास येते. पुस्तिका एका मापाची आणि पंप दुसऱ्या मापाचा असला, तर सावध माणूसही चुकतो.

वृत्तपत्रांतील वाहन-परीक्षणांत पिकअपचा जोर आणि मायलेज छापताना इंधनाचे ऑक्टेन, ते मोजण्याची पद्धत आणि चाचणीच्या वेळचे ओझे या तीन गोष्टी द्याव्यात, अशी माझी विनंती आहे. उत्पादकांनीही टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एकच आकडा न चिकटवता रिकाम्या गाडीसाठी आणि ट्रेलर ओढण्यासाठी वेगवेगळे आकडे छापावेत. इंधन भरताना पुस्तिका उघडून पाहणारा चालक निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

आपला,
एक नियमित वाचक