चिखलदऱ्यात 'दर्शन' गाडी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की चिखलदऱ्याच्या धुक्याचे आणि धबधब्यांचे फोटो पेपरात येतात, मोबाइलवर फिरतात. ते बघून आमच्यासारखे एसटीने फिरणारेही निघतात. त्यांच्या अडचणीबद्दल हे पत्र आहे.

गेल्या श्रावणात मी आई आणि सहावीतल्या मुलीला घेऊन परतवाड्याहून एसटीने चिखलदऱ्याला गेलो. आई सत्तरीची, जन्मभर वावरात राबलेली. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं, म्हणून हा कीचकदरा, अन् मग भीमकुंडात अंग धुतलं, ही गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली. मला तीच गोष्ट तिने सांगितली, मी मुलीला. घाट चढताना खिडकीतून ढग आत आले तेव्हा दोघीही सारख्याच हरखल्या होत्या.

अडचण स्टँडवर उतरल्यावर सुरू झाली. भीमकुंड एकीकडे, पंचबोल दुसरीकडे, गाविलगड किल्ला तिसरीकडे. एवढी पायपीट आईच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. जीपवाल्याने पूर्ण गाडीचं भाडं सांगितलं. त्याचंही चुकीचं नाही, तीन माणसांसाठी घाटातलं डिझेल त्याला परवडत नाही. पण ते भाडं आमच्या येण्याजाण्याच्या तिकिटाहून कितीतरी जास्त होतं. सीटप्रमाणे पॉइंट दाखवणारी एखादी गाडी आहे का, म्हणून स्टँडवर दोन-तीन ठिकाणी विचारलं. नाही म्हणाले.

शेवटी थांबत थांबत देवी पॉइंटपर्यंत चालत गेलो. तिथे कातळाखाली देवीचं ठाणं आहे आणि वरच्या दगडातून पाणी झिरपतं. आईने ओंजळ धरली, थेंब थेंब पाणी साचेपर्यंत तशीच उभी राहिली, मग ते डोळ्यांना लावलं. दर्शन मनासारखं झालं. पण परतवाड्याची गाडी गाठायची होती म्हणून तिथूनच मागे फिरलो. स्टँडवर बसल्यावर आई म्हणाली, "एवढ्या दूर आलो अन् भीमकुंड नाई पाह्यलं बापा." पंचबोलला हाक मारली की डोंगर पाच वेळा उत्तर देतो, असं मुलीला कबूल केलं होतं, तेही राहिलं.

महाबळेश्वरला एसटीच्या 'महाबळेश्वर दर्शन', 'प्रतापगड दर्शन' अशा गाड्या स्टँडवरून सुटतात. तिकीट काढायचं, बसायचं, पॉइंट बघून परत यायचं. मग विदर्भातल्या या एकुलत्या एक थंड हवेच्या ठिकाणी 'चिखलदरा दर्शन' का नसावं? दाखवण्यासारखं इथे काय कमी आहे? १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतलेला गाविलगड आहे. सूर्यास्त बघायला वैराट आहे. कॉफीची झाडं आहेत, ती तर मुलांना मुद्दाम दाखवावीत. दरीवर काचेच्या स्कायवॉकचं काम हाती घेतलं गेलं, त्याचा मला आनंदच आहे. पण स्कायवॉकपर्यंत पोचायलाही आधी गाडी लागेलच ना?

अशा गाडीवर माहिती सांगायला गावातलीच कोरकू मुलं-मुली घ्यावीत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. मेळघाटातलं झाड न् झाड, पायवाट त्यांना ठाऊक असते आणि रोजगारासाठी त्यांनाच घर सोडून दूर जावं लागतं. गाड्या वाढल्या तर जंगलाला त्रास होईल, असं कुणी म्हणेल. माझ्या मते उलट आहे. पावसाळ्यातल्या रविवारी घाटात चारचाकींची रांग लागते, एका बसमध्ये तेवढ्यांतल्या आठ-दहा गाड्यांची माणसं मावतात.

एसटी महामंडळाने आणि नगरपरिषदेने मिळून यंदा पावसाळ्याचे शनिवार-रविवार तरी एक गाडी चालवून बघावी. ती परतवाड्याच्या शेवटच्या बसआधी स्टँडवर परत येईल, एवढं वेळापत्रक लावताना लक्षात ठेवावं.

आपला,
एक वाचक, ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती