माहेबूरहून पत्र

माहेबूर, मॉरिशस
१४ जुलै

प्रिय विन्या,

पोचलो रे बाबा. "हनिमूनवाल्यांच्या बेटावर एकटा जाऊन काय करणार?" असं तू विचारत होतास ना, तर सध्या मजेत भटकतोय. घड्याळ दीड तास मागे केलंय आणि चक्क स्वेटर घातलाय, कारण जुलैत इथे हिवाळा. भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे दिशांचा पार घोळ होतो.

विमानतळ बेटाच्या आग्नेयेला आहे. बीचवरची हॉटेलं सोडून मी जवळच्याच माहेबूरला उतरलो. बसच्या दोन्ही बाजूंना नुसता ऊस, तोडणीही चालू. सांगलीकराला उसाचं काय कौतुक म्हणा! पण फडात मधेमधे काळ्या धोंड्यांचे मोठाले ढीग रचलेले दिसतात, ते बघतच राहिलो. बेट ज्वालामुखीचं. लागवडीसाठी आधी गुलामांनी आणि मग १८३४ पासून करारावर आणलेल्या आपल्या मजुरांनी हे धोंडे वेचून बाजूला काढले. मजूर बहुतेक बिहारकडचे, पण मुंबईहून जहाजात चढलेले कोकणातलेही होते. रस्ते गुळगुळीत, गाड्या डावीकडून आणि त्या धोंड्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

पहिल्या तासाभरात वाटलं, हा कसला परदेश! नोटेवर इंग्रजी आणि तमिळबरोबर देवनागरीही. घराघरापुढे हनुमानाचे लाल झेंडे. आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या, थेट आपल्या आत्यासारख्या दिसणाऱ्या बाईंनी कंडक्टरशी क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, असं काही कडाकडा भांडण काढलं की एक अक्षर कळेल तर शपथ!

खाण्याचंही तेच. नाक्यावर काचेच्या पेटीत ढोलपुरी ठेवून विकतात. पातळ, पिवळसर, आत हरभऱ्याच्या डाळीचं सारण, अगदी पुरणपोळी. मागितली की दोन मिळतात, जोडीनंच विकायची पद्धत. वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांचा रस्सा, टोमॅटोचा रुगाय आणि हिरवी मिरची, मग कागदात गुंडाळी. जीभ गूळ शोधत बसली आणि मिरचीनं डोळ्यांतून पाणी काढलं. दुसरी जोडी लगेच घेतली.

ज्यांच्याकडे उतरलोय त्या आजी मराठी. म्हणजे बोलतात क्रिओल, माझ्याशी थोडं इंग्रजी. पण संध्याकाळी देवापुढे 'सुखकर्ता' सुरू केली, ती सगळी कडवी तोंडपाठ, एकही शब्द न चुकता. मला तिसऱ्या कडव्यात पुटपुटावं लागलं, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आपण उगाच "तुम्ही आमचेच" म्हणत त्यांच्या गळ्यात पडतो, असं मला वाटू लागलंय. त्या आपल्या घरी नीट आहेत. पाहुणा मी आहे.

उद्या पोर्ट लुईला जाऊन आप्रवासी घाट बघणार. मजूर जहाजातून उतरायचे ते ठिकाण.

आता तुझ्याकडे काम. आजींकडे त्यांच्या खापरपणजोबांच्या नोंदीची नक्कल आहे. त्यांचं नुसतं नाव पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलं. जिल्हा रत्नागिरी स्पष्ट आहे, पण गावाचं नाव कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत खरडलंय. फोटो पाठवतोय. तुझ्या राजापूरच्या मामांना दाखव आणि मी इथून निघायच्या आत कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या