नाकात वाढलेलं सगळंच मांस पॉलिप नसतं

मा. संपादक,

कालच्या आरोग्य पुरवणीत नाकातल्या साध्या गाठींवरचा लेख वाचला. पॉलिप (नाकाच्या आतल्या अस्तराची मऊ वाढ) आला, पॅपिलोमा (चामखिळीसारखी गाठ) आला, पण ऱ्हायनोस्पोरिडिओसिसचं, म्हणजे तळ्याच्या पाण्याशी संबंध असलेल्या, नाकात मांस वाढवणाऱ्या आजाराचं, नावसुद्धा नाही. तुमचा अंक गोंदिया-भंडाऱ्यात घरोघरी येतो, म्हणून जास्तच राग आला.

आमच्याकडे मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आणि बोड्या (लहान तळी). ढीवर समाजाची माणसं शिंगाडे काढायला, मासे धरायला छातीभर पाण्यात उतरतात; गुरंही त्याच पाण्यात बसतात. माझा मामेभाऊ लहानपणापासून हेच काम करतो. त्याच्या एका नाकपुडीतून वरचेवर रक्त यायचं. एका दवाखान्यात ‘मांस वाढलंय, पॉलिप आहे’ म्हणत ते काढलं आणि तुकडा तपासायला न पाठवता फेकून दिला. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा उगवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून मलाही पडद्यावर दाखवलं. लालबुंद, खडबडीत मांस, आणि त्यावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या. पॉलिप फिकट, गुळगुळीत असतो, बहुधा दोन्ही बाजूंना होतो आणि धक्का लागला तरी सहसा रक्त येत नाही. इथं नुसता कापूस लागला तरी रक्त! पॅथॉलॉजीच्या रिपोर्टनं निदान पक्कं झालं. मग मांस मुळापासून काढून त्याचं बूड कॉटरीनं जाळलं आणि पुढे कित्येक महिने डॅप्सोनच्या गोळ्या दिल्या.

आजार नवा नाही. १९०० साली ब्यूनॉस आयर्समध्ये गिलेर्मो सीबर यांनी त्याचं वर्णन केलं. रुग्ण मात्र सर्वाधिक भारतात आणि श्रीलंकेत. या आजाराचा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या चाचणीत, वाढत नाही, म्हणून काढलेलं मांस सूक्ष्मदर्शकाखाली पाहावंच लागतं. वयात येणाऱ्या मुलाच्या नाकातून भळाभळा रक्त येत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, असू शकतो. आधी स्कॅन करायचा, दवाखान्यात बसल्या बसल्या तुकडा काढायला गेलं तर जिवावर बेतू शकतं. लेखात यातलं काहीच नाही.

आणि त्याच पानावर खाली ‘नाकातील मांस थेंबांनी विरघळवा’ अशी जाहिरात! आमच्या गावात लोक पेपरात आलंय म्हणून असले थेंब महिनोन्‌महिने घालतात आणि नाक पूर्ण बंद झाल्यावर डॉक्टरकडे जातात. ती जाहिरात बंद करा आणि तलावात उतरणाऱ्यांसाठी या आजारावर वेगळा लेख छापा.

– एक वाचक, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)