नवशिक्यांसाठीच्या मणीफुलांच्या किटमध्ये चुकीची तार, रिफंड आणि लिस्टिंग दुरुस्तीबाबत तक्रार

ग्राहक तक्रार विभाग,
नमस्कार.

तुमच्या साईटवरून मी मण्यांच्या फुलांचे चार किट मागवले, प्रत्येकी ६४९ रुपये, पाकिटावर मोठ्या अक्षरात 'एकदम नवशिक्यांसाठी' असं लिहिलंय. चारही किटमध्ये तार चुकीची आलीय. चॅटवर सांगितलं तर 'पाकीट उघडल्यावर रिटर्न होत नाही' एवढंच उत्तर मिळालं, अहो पण उघडल्याशिवाय आतली तार कशी आहे ते कळणार कसं? म्हणून आता सविस्तर लिहितेय. ऑर्डर नंबर, बिल आणि फोटो सोबत जोडलेत.

चॅटवर जे बोलत होते त्यांना हे काम कसं करतात ते माहीत नसावं, म्हणून आधी तेच सांगते. तुमच्या पुस्तिकेत दिलेली पद्धत खरंच सोपी आहे, नवीन माणसाला आधी हीच शिकवावी. हातभर तार घ्यायची, मधोमध एक मणी आणायचा, मग एका टोकात दोन मणी ओवायचे आणि तारेचं दुसरं टोक त्याच दोन मण्यांतून उलट्या बाजूने बाहेर काढायचं, दोन्ही टोकं सारखी ओढली की ती जोडी पहिल्या मण्याला चिकटून बसते. मग तीन, मग चार, मग परत कमी करत एकावर यायचं की पाकळी तयार. सुई नाही, गाठ नाही, गोंद नाही. पण या पद्धतीत पहिला मणी सोडला तर प्रत्येक ओळीतून तार दोनदा जाते, आणि सगळा घोळ इथेच झालाय.

तुमचे मणी ११ नंबरचे आहेत, म्हणजे साधारण २ मिमीचे, त्यांचं भोक ०.८ मिमीच्या आसपास असतं. तुमची तार मी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मोजून घेतली तर ०.५५ मिमी भरली, म्हणजे २४ गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, तो जितका मोठा तितकी तार बारीक). दोनदा घातली की १.१ मिमी. ०.८ च्या भोकातून ती जाणार कशी? या कामाला २८ गेज लागते, ती ०.३७ मिमीची, दोनदा मिळून पाऊण मिमी होते आणि सरसर जाते. २४ गेज वाईट असते असं माझं म्हणणं नाही. फ्रेंच पद्धतीत मणी आधी तारेवर ओवून घेतात आणि मधल्या दांडीभोवती ओळीमागून ओळ गुंडाळत जातात, तिथे मण्यातून तार एकदाच जाते त्यामुळे २४ नाहीतर २६ गेज छान चालते, पाकळीला ताठपणाही येतो. मला वाटतं तुम्ही त्या पद्धतीचं सामान भरलंय आणि पुस्तिका मात्र या पद्धतीची टाकलीय.

आणि व्हिडिओत काय सांगताय, तर 'तार अडकली तर पक्कडीने धरून थोडा जोर लावा'. प्लीज तो व्हिडिओ आधी काढा. काचेचा मणी आहे तो, जोर लावला की तडकतो आणि त्याची बारीक कपची उडते, आमच्याकडे एक गालावर लागली, डोळ्यात गेली असती तर? शिवाय मधल्या ओळीतला मणी फुटला की तो एकटा बदलता येत नाही, तिथपर्यंतची वीण उसवावी लागते, आणि तुमची तार एकदा वळवून सरळ केली की पुढच्या वेळी त्याच जागी तुटते. लिस्टिंगवर 'कॉपर वायर' लिहिलंय. मी लोहचुंबक लावून बघितला, सगळी गुंडाळी चिकटून वर आली. तांबं चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे ही तांब्याच्या रंगाची लोखंडी तार आहे, पावसाळ्यात गंजणार आणि पांढऱ्या मण्यांतून गंज दिसणार.

हे किट मी भाचीच्या रुखवतासाठी घेतले होते. रुखवताला विकतचं काही ठेवायचं नाही, घरातल्या बायकांनी मिळून जास्वंद आणि मोगरा करायचा असं ठरलं होतं. माझ्या काकूंनी हे काम कधी केलेलं नाही, त्या हौसेने बसल्या, दुसऱ्याच ओळीला तार अडकली, परत उसवलं, परत अडकली, आणि शेवटी म्हणाल्या, 'माझी बोटं आता जाड झालीत गं, मला नाही जमायचं.' मला सगळ्यात जास्त राग याचा आलाय. ज्याला येतं तो तार हातात घेतल्या घेतल्या ओळखतो, बाजूला ठेवतो आणि दुसरी आणतो. नवशिक्याला ते कळत नाही, त्याला वाटतं आपलंच चुकतंय, आणि तुम्ही किट विकताय नेमकं त्यालाच. नंतर मी रविवार पेठेतून २८ गेजची तांब्याची तार आणली, त्याच काकू, तेच मणी, तीच पुस्तिका, आणि जास्वंदीच्या पाचही पाकळ्या आणि मधला तुरा त्यांनी एकटीने केला. बोटांचा काही संबंध नव्हता.

अजून एक, लाल मण्यांचा रंग ओल्या कापसाला लागतो, त्याचाही फोटो आहे.

आता रिटर्नबद्दल. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम तुम्हालाही लागू आहेत. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एक महिन्यात द्यावा लागतो. 'कॉपर' लिहून लोखंड दिलंय, त्यामुळे पाकीट उघडलं का नाही हा मुद्दाच उरत नाही.

मला चारही किटचे मिळून २,५९६ रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत हवेत, कूपन नको, वॉलेट नको. राहिलेलं सामान घेऊन जायला माणूस तुम्ही पाठवा, कुरिअरचा खर्च मी करणार नाही. लिस्टिंगवर तारेची जाडी मिमीमध्ये लिहा, नुसतं गेज लिहून भागत नाही कारण ब्रिटिश आणि अमेरिकन गेज वेगळं, २८ गेज एकात ०.३७ तर दुसऱ्यात ०.३२ मिमी होतं. आणि ज्यांनी ज्यांनी हा किट आधी घेतलाय त्या सगळ्यांना तार बदलून द्या, निदान मेल तरी करा की तार चुकीची गेली होती, कारण त्यातल्या कितीतरी जणींनी तक्रार न करता किट कपाटात टाकला असेल.

उत्तर याच मेलवर लेखी द्या, फोन नको. एक महिन्यात निकाल लागला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवेन आणि लागलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाईन. तारेचा एक तुकडा आणि तडकलेले मणी मी पाकिटात जपून ठेवलेत, हवे असतील तर तपासायला पाठवते.

तुमची एक ग्राहक,
पुणे